डॉक्टरताई, विचारू का? एचआयव्ही, कंडोम आणि ते ७२ तास

मागच्या अंकात आपण दोन ओळींची चौकट छापली होती की एचआयव्ही आणि सुरक्षित संबंधांबद्दल काहीही विचारायचं असेल तर नाव-पत्ता न घालता लिहा, आणि त्यावर जेवढी पत्रं नि मेल आले तेवढे ह्या सदराला आजवर कधी आले नव्हते. सगळे वाचलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ओळख पटेल असं जे होतं ते काढून टाकलंय. वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, लोकांना भीती वाटतेय ती डासांची, सलूनची, पाणीपुरीची, आणि जिथे खरोखर धोका असतो तिथे मात्र निवांत आहेत, का तर समोरचा माणूस चांगल्या घरचा आहे, सुशिक्षित आहे, दिसायला ठणठणीत आहे. धोका माणूस कोण आहे त्याच्यावर ठरत नाही हो, काय झालं आणि कसं झालं त्याच्यावर ठरतो. आजची सगळी उत्तरं ह्याच एका गोष्टीभोवती आहेत.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, विजय नगरला जॉब करतो. शनिवारी रात्री एका मुलीबरोबर संबंध आला, ओळख ॲपवरचीच. कंडोम वापरला होता पण तो फाटला आणि ते आम्हाला शेवटी कळलं. आज सोमवार आहे, मी खूप घाबरून राहिलोय, झोप नाही. मित्र म्हणतो तीन महिने थांब आणि मग टेस्ट कर, आधी करून काही उपयोग नाही. खरंय का? — व., विजय नगर

ह्या मुलाला मी त्याच दुपारी मेलवर उत्तर दिलं, अंक निघेपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. इथे छापतेय ते तुमच्यातल्या बाकीच्यांसाठी, कारण हा "तीन महिने थांब" सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

थांबायचं नाही. एचआयव्हीचा व्हायरस शरीरात शिरला तरी लगेच पक्कं घर करत नाही, मध्ये थोडा वेळ मिळतो आणि त्या वेळात औषध सुरू केलं तर त्याला तिथेच अडवता येतं. ह्या औषधाला पेप म्हणतात. घटनेपासून ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि ७२ तास ही शेवटची हद्द आहे बरं का, जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या दोन तासांत मिळालं तर उत्तमच. ७२ तास उलटल्यावर सुरू करून फायदा नसतो. गोळ्या २८ दिवस घ्यायच्या, एकही दिवस न चुकवता. आपल्याकडे साधारण टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर हे तिन्ही एकाच गोळीत येतं, म्हणजे रोज एक गोळी. काहींना मळमळ होते, डोकं दुखतं, झोप बिघडते, पण बहुतेकांना निभतं. ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्या ह्या गोळीच्या आड येतात, वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

कुठे जायचं? सरळ मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं (एआरटी) देणाऱ्या सरकारी केंद्राला, आपल्या इंदूरला एम.वाय. हॉस्पिटल आहे. तिथे हे औषध मुख्यतः सुई टोचलेल्या नर्स-डॉक्टरांसाठी आणि बलात्कार झालेल्यांसाठी ठेवलेलं असतं, तरी जाऊन विचारायचं, आणि तिथे जमलं नाही तर वेळ न घालवता ह्यातलं कळणाऱ्या प्रायव्हेट डॉक्टरकडे जायचं, चिठ्ठीवर मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. मनाने मेडिकलवरून आणून खायचं नाही, कारण सुरू करताना एचआयव्हीची, कावीळ बी (हिपॅटायटिस बी) ची आणि किडनीची टेस्ट करावी लागते. कावीळ बी आधीच असेल तर ही औषधं मध्येच बंद केल्यावर ती उसळू शकते. रिपोर्ट यायची वाट बघत पहिली गोळी मात्र अडवायची नसते.

आता धोका किती होता? समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह आहे आणि औषध घेत नाहीये असं धरलं तर, योनिमार्गाच्या संबंधात पुरुषाला लागण होण्याचा अंदाज १० हजार वेळांमागे साधारण ४, आणि बाईला साधारण ८. म्हणजे दुप्पट, हे लक्षात ठेवा. आकडा छोटा आहे म्हणून घाबरून उपाशी बसायची गरज नाही, पण हा आकडा सरासरीचा आहे, आणि समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या रक्तात व्हायरस प्रचंड असतो, कुणाला गुप्तरोगाची जखम असेल तरी धोका वाढतो. एका वेळेत लागण झालेली माणसं मी पाहिली आहेत. शिवाय ती मुलगी पॉझिटिव्ह आहे की नाही हेच माहीत नाही, बहुधा नसेलही, तिलाही तुझ्याबद्दल तेवढंच माहीत आहे. तिला फोन कर आणि सांग. गर्भ राहू नये म्हणूनची इमर्जन्सी गोळीसुद्धा ७२ तासांतच घ्यायची असते, पुष्कळ मुलं स्वतःच्या टेस्टच्या काळजीत हे साफ विसरतात.

आणि कंडोम का फाटतो, तर जवळजवळ नेहमी कारण सापडतंच. पहिलं कारण खोबरेल तेल. आपल्या घरात ते असतंच आणि लोक तेच लावतात, पण साध्या कंडोमचं रबर तेलाने काही मिनिटांतच कमकुवत होतं. व्हॅसलीन, क्रीम, बॉडी लोशन, सगळं त्यातच आलं. लावायचंच असेल तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल, मेडिकलवर मिळतं. दुसरं, पाकीट. महिनोन्महिने खिशातल्या पाकिटात दबलेला किंवा मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तापलेला कंडोम वापरायचा नाही. तिसरं, टोकातली हवा न दाबता चढवणं. कंडोमचं वेष्टन दाताने फाडणं. आणि दोन कंडोम एकावर एक घालणं, हे तर अजिबात नको, घासून दोन्ही फाटतात. एक्स्पायरी तारीख बघायची, संबंध सुरू व्हायच्या आधीपासून घालायचा, मध्येच नाही, आणि झाल्यावर खाली धरून लगेच बाहेर यायचं. सरकारी निरोध १९६८ पासून आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि तो नीट वापरला तर पुरेसा असतो, महागडा फ्लेवरचाच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : माझं वय ३१. मिस्टरांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तपासणीत एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. माझी टेस्ट निगेटिव्ह आली. आम्हाला ६ वर्षांची मुलगी आहे. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी मिस्टरांची भांडी, टॉवेल वेगळे केले. मला खूप राग येतो मिस्टरांचा आणि भीतीही वाटते. माझं पुढे काय होणार? मुलीला तपासायचं का? आम्हाला दुसरं मूल हवं होतं, आता ते विसरायचं ना? — एक पत्नी, सुदामा नगर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मुलीचं सांगते म्हणजे एक ओझं उतरेल. मुलाला आईकडूनच लागण होते, पोटात असताना, बाळंतपणात किंवा दुधातून. तुम्ही आज निगेटिव्ह आहात म्हणजे तेव्हाही होतात. मुलीला तुमच्याकडून काही मिळालेलं नाही, आणि बापाने कडेवर घेतल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने काहीही होत नाही.

भांडी-टॉवेल उद्यापासून पुन्हा एकत्र करा. व्हायरस असतो तो रक्तात, वीर्यात, त्याच्या आधी येणाऱ्या पाण्यात, योनीतल्या आणि गुदाशयातल्या स्रावात, आणि आईच्या दुधात. लाळेतून, घामातून, अश्रूतून, लघवीतून लागण होत नाही. एकच बाथरूम, एकच पेला, मिठी, पापी, ताप असताना सेवा करणं, कशानेही नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगून पटणार नाही कदाचित, मग त्यांना सेंटरच्या काउन्सेलरकडे घेऊन जा, पुष्कळ घरांमध्ये सुनेचं ऐकत नाहीत पण पांढऱ्या कोटातल्या माणसाचं ऐकतात, जे चालेल ते वापरायचं.

आता तुमची टेस्ट. शेवटचा कंडोमशिवायचा संबंध कधी आला ते आठवा आणि त्यानंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर परत एकदा टेस्ट करा. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून. तो शेवटचा संबंध गेल्या तीन दिवसांतला असेल तर वरचं पेपचं उत्तर वाचा आणि आजच जा.

मिस्टरांची औषधं ताबडतोब सुरू करायची. भारतात सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ पासून फुकट आहे, आणि २०१७ पासून नियम असा आहे की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तब्येत कशीही असो, औषध सुरू. आधी रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी व्हायची वाट बघायचे, आता नाही. रोज गोळी घेतली की रक्तातला व्हायरस कमी होत जातो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत इतका उतरतो की मशीनलाही सापडत नाही. हे मोजणाऱ्या टेस्टला व्हायरल लोड टेस्ट म्हणतात, सरकारी सेंटरला औषध सुरू होऊन ६ महिने झाले की करतात.

आणि आता जे सांगते ते नीट ऐका, कारण हे अजून आपल्या अर्ध्या डॉक्टरांनाही पेशंटसमोर मोठ्याने सांगायला जड जातं. व्हायरल लोड सापडेनासा झाला आणि गोळ्या रोज चालू राहिल्या तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. कमी होते असं नाही म्हणत, होत नाही. युरोपात पार्टनर नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी शेकडो जोडपी होती, पॉझिटिव्ह माणूस औषधावर आणि व्हायरस दबलेला. २०१६ मध्ये निकाल आला तेव्हा कंडोमशिवायचे साधारण ५८ हजार संबंध मोजले गेले होते आणि जोडीदाराकडून लागण झालेली एकही व्यक्ती सापडली नाही. पुढे फक्त पुरुष-पुरुष जोडप्यांवर दुसरा भाग केला, २०१९ मध्ये आला, साधारण ७६ हजार संबंध, तिथेही शून्य.

तर तोवर काय, तोवर प्रत्येक वेळी कंडोम. तुम्हाला स्वतःला रोजची प्रेपची गोळीही, म्हणजे निगेटिव्ह माणसाने लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, डॉक्टर देऊ शकतात, मिस्टरांचा व्हायरस दबेपर्यंत ती तुमच्यासाठी ढाल आहे, विचारा त्यांना. आणि दुसरं मूल विसरायचं वगैरे काही नाही. व्हायरल लोड दबल्याचा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांशी बोलून प्रयत्न करता येतो, तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळही निगेटिव्हच. अशी बाळं आपल्या शहरात जन्माला येतात, शाळेत जातात. आईच पॉझिटिव्ह असती तरी, उपचार नसतील तर लागणीचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं ते औषधाने ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं, तुमचं तर त्याहून सोपं आहे.

रागाबद्दल. तो येणारच आणि कुणी तुम्हाला "आता झालं ते झालं" म्हणून गप्प करत असेल तर त्यांचं ऐकू नका. मिस्टरांना कुठून लागलं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, पण व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, लग्नाच्या आधीचंही असू शकतं. राहायचं की नाही हे मी सांगणार नाही, ते तुम्ही ठरवायचं, फक्त घाबरून ठरवू नका, आधी तुमची दुसरी टेस्ट आणि त्यांचा व्हायरल लोड हे दोन कागद येऊ देत. आणि त्यांच्या कंपनीत सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने पॉझिटिव्ह आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

फटाफट प्रश्न, बरेच जणांचे

डास चावून होतो का? नाही. डास एकाचं रक्त दुसऱ्यात सोडत नाही आणि त्याच्या पोटात हा व्हायरस मरतो.

राजवाड्यापाशी चाट खाल्ली, बनवणाऱ्याचं बोट कापलेलं होतं? नाही होत. व्हॉट्सॲपवर असा मेसेज दर दोन वर्षांनी फिरतो आणि लोक काकुळतीला येऊन फोन करतात. हवेत आल्यावर हा व्हायरस टिकत नाही आणि खाल्लेल्यातून ह्या प्रकारे लागण होत नाही.

सलूनमध्ये ब्लेड? नवीन ब्लेड मागायचाच, पण त्याचं मोठं कारण कावीळ बी आहे, तो व्हायरस बाहेर सुकलेल्या रक्तातही कित्येक दिवस जिवंत राहतो. त्याची लस आहे, मोठ्यांनीही घ्यावी, तीन डोस असतात.

जत्रेत, मेळ्यात टॅटू? इथे मी कडक आहे. एकाच सुईने ओळीने सगळ्यांना गोंदत असतील तर तिथून उठा. सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे आणि शाईसुद्धा प्रत्येकाला वेगळी. आणि नशेच्या सुया एकमेकांत वापरणं हा तर थेट धोका आहे, १० हजार वेळांमागे साधारण ६३, म्हणजे साध्या संबंधापेक्षा कितीतरी जास्त.

तोंडाने केल्यावर? धोका अगदी कमी, जवळजवळ नगण्य. तोंडात जखम, हिरड्यांतून रक्त, त्यात वीर्य असं सगळं जुळलं तर थोडा वाढतो. सिफिलिस आणि परमा (गनोरिया) मात्र तोंडानेही सहज होतात, ते विसरू नका.

रक्तदान केलं की फुकट टेस्ट होते असं मित्र सांगतो? कृपा करून असं कुणी करू नका. नुकतीच लागण झालेली असेल तर ती ब्लड बँकेच्या टेस्टमधूनही निसटू शकते आणि ती बाटली कुणाच्या तरी बाळंतिणीला लागते, आणि रक्तातून होणारी लागण ही जवळजवळ नक्की असते. टेस्ट तशीही फुकटच आहे, सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात जा, आधी आणि नंतर काउन्सेलर बोलतो, रिपोर्ट दुसऱ्या कुणाला देत नाहीत. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी फुकट नंबर आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मसाज पार्लरमध्ये गेलो होतो, तिथे फक्त हाताने झालं, किस झालं. त्यानंतर ताप आला. तेव्हापासून टेस्ट करतोय, सगळ्या निगेटिव्ह, चौथ्या पिढीची पण केली. पण जीभ पांढरी दिसते, मानेत गाठ लागते, वजन कमी झालंय. बायकोला हात लावत नाही. टेस्ट चुकत असेल का? — अ., देवास रोड

दादा, तुम्हाला एचआयव्ही नाहीये. हाताने आणि किसने तो होतच नाही, म्हणजे ती पहिली टेस्ट करायचीही गरज नव्हती. चौथ्या पिढीची, म्हणजे व्हायरसचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणारी, लॅबमधली टेस्ट घटनेनंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली की पुरते, साधी रॅपिड असेल तर ९० दिवस. दोन वर्षांनी निगेटिव्ह म्हणजे विषय संपला. जीभ, गाठ, ताप ह्यांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, मलाही येत नाही, कुणालाच येत नाही, लागण झालेल्या काहींना पहिल्या दोन-चार आठवड्यांत ताप, पुरळ, घसादुखी होते पण तसं तर साध्या व्हायरलमध्येही होतं, आणि कित्येकांना काहीच होत नाही.

तुम्हाला जे झालंय ते वेगळं आहे आणि ते खरं आहे, वजन कमी होणंही खरं आहे, ते बहुधा काळजीने झालंय. पार्लरला गेल्याचं जे मनाला लागलंय ते तुम्ही आजाराच्या नावाने भोगताय, असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं. आता अजून एक टेस्ट करू नका, प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टने दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी गूगल उघडलं जातं, हे चक्र टेस्टने तुटत नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जा, ह्याच्यावर चांगले उपचार आहेत. लाज वाटत असेल तर आधी १४४१६ वर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे. आणि बायकोला जवळ घ्या, तिने दोन वर्षं काय समजून काढली असतील.

प्रश्न : मी मुलगा आहे आणि मला मुलंच आवडतात. घरी माहीत नाही. कोचिंगसाठी भंवरकुआंला राहतो. कधी कधी भेटतो कुणाला, बहुतेक वेळा कंडोम असतो, कधी नसतो. डॉक्टरकडे जायची भीती वाटते, ओरडतील. मी आता काय करावं? घरचे पुढच्या वर्षी स्थळं बघणार आहेत. — नाव नको

बाळा, ओरडणारे डॉक्टर आहेत हे खरंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, पण ओरडा न करणारेही आहेत, शोधावे लागतात. तुझं कुणावर प्रेम असणं हा गुन्हा नाही, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलंय.

आता स्पष्ट बोलते, कारण तुला कुणी बोललं नसेल. गुदमार्गाच्या संबंधात जो आत घेतो त्याला धोका सगळ्यांत जास्त असतो, समोरचा पॉझिटिव्ह आणि औषधाशिवाय असेल तर १० हजार वेळांमागे साधारण १३८. करणाऱ्याला ११. कारण आतलं अस्तर नाजूक असतं, ओलावा नसतो, बारीक चिरा पडतात. म्हणून कंडोमइतकंच जेल महत्त्वाचं, भरपूर, आणि तेल नाही, वर लिहिलंय तेच.

"कधी कंडोम नसतो" हे तू स्वतः लिहिलंस, ते बरं केलंस, मग त्या "कधी"साठी व्यवस्था करू. प्रेप म्हणून गोळी असते, टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन, निगेटिव्ह माणसाने रोज एक घ्यायची, नियमित घेतली तर संबंधातून होणारी लागण साधारण ९९ टक्के टळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून धोका जास्त असलेल्या सगळ्यांसाठी ती सुचवलीये. तुझ्या बाबतीत पूर्ण संरक्षण यायला रोज घेऊन साधारण सात दिवस लागतात. सुरू करायच्या आधी एचआयव्ही निगेटिव्ह आहे हे नक्की करायचं, किडनी आणि कावीळ बी बघायची, मग दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची टेस्ट. भारतात बनते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. प्रेप सिफिलिस, परमा ह्यांना अडवत नाही, म्हणून कंडोम सोडायचा नाही आणि ह्यांच्याही टेस्ट अधूनमधून करायच्या, गुदमार्गाच्या आणि घशाच्या सुद्धा, काही दुखत नसलं तरी. कावीळ बी ची लस घेऊन टाक.

स्थळांबद्दल एवढंच म्हणेन की घरच्यांना सगळं सांगायला वेळ लागेल, तो घे, कमावता हो, पण तोवर "अजून नाही" म्हणायला शीक. एखाद्या मुलीला काही न सांगता ह्या लग्नात आणू नकोस. तिचंही आयुष्य आहे.

प्रश्न : मुलीचं लग्न जमतंय, पुढच्या महिन्यात साखरपुडा. मुलाचा एचआयव्ही रिपोर्ट मागावा का? आमच्या घरात ह्यावरून वाद झालाय, हिचं म्हणणं स्थळ हातचं जाईल. — एक बाप, लोकमान्य नगर

मागा, पण मुलीचाही द्या. एकतर्फी मागितलं की तो संशय होतो, दोघांनी केलं की ती तयारी होते. आणि खरं तर तुम्ही मागण्यापेक्षा त्या दोघांना एकमेकांशी बोलू दे, दोघं मिळून जाऊन टेस्ट करून येऊ देत. कुणाचीही त्याच्या मर्जीशिवाय एचआयव्ही टेस्ट करता येत नाही, कायद्याने, तेव्हा मुलाच्या घरून गुपचूप कुणा ओळखीच्या लॅबवाल्याकडून काही काढायचा विचार असेल तर सोडा. एचआयव्हीबरोबर कावीळ बी, सिफिलिस आणि थॅलेसेमियाचीही करून घ्या. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे चारित्र्याचं सर्टिफिकेट मिळालं असं समजू नका, पॉझिटिव्ह आला तर मुलगा वाईट असंही नाही. आज तब्येत काय आहे एवढंच त्यात कळतं. पत्रिका बघायला गुरुजींकडे दोन चकरा मारतोच ना आपण, ही एक चकर त्याहून कामाची आहे. आणि टेस्ट मागितली म्हणून जे स्थळ जाईल ते गेलेलंच बरं.

प्रश्न : मिस्टर सेल्समध्ये, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. मला संशय नाही, मला माहीत आहे. कंडोम म्हटलं की म्हणतात माझ्यावर विश्वास नाही का, एकदा हातही उचलला. गेल्या वर्षी मला दोनदा खालून इन्फेक्शन झालं, डॉक्टरांनी फक्त मला गोळ्या दिल्या. मी नाही म्हणू शकत नाही. मी काय करू? — महू

ताई, तुमच्यासारखी पत्रं ह्या गठ्ठ्यात बरीच होती. घरोघरी असं आहे आणि बायकांना लागण बहुतेक वेळा स्वतःच्या नवऱ्याकडूनच होते, ज्यांचा आयुष्यात दुसऱ्या कुणाशी संबंध आला नाही अशा बायकांना. म्हणून "मी तर कुठे जात नाही" हे तुमचं संरक्षण नाही.

पहिलं काम तुमची टेस्ट. ह्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. महूच्या किंवा इंदूरच्या सरकारी दवाखान्यात जा, घरी हिमोग्लोबिन तपासायला जाते म्हणून सांगा. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही करायला सांगा. दुसरं, ते इन्फेक्शन. संबंधातून लागणारं इन्फेक्शन असेल तर फक्त बायकोला गोळ्या देऊन बरं होत नाही, नवऱ्यालाही द्याव्या लागतात, नाहीतर तेच परत येतं, आणि खाली सूज-जखम असताना एचआयव्ही जास्त सहज शिरतो. डॉक्टरांना सरळ सांगा की जोडीदाराच्या गोळ्याही लिहून द्या, सरकारी केंद्रात दोघांचंही औषध देतात. बऱ्याच नवऱ्यांना "डॉक्टरांनी सांगितलंय, औषध संपेपर्यंत कंडोम नाहीतर तुम्हालाही होईल" हे पचतं, त्यात विश्वासाचा प्रश्नच येत नाही. मूल नको असेल तर तेही कारण पुढे करा, तांबी काढलीये, गोळ्या सोसत नाहीत, जे चालेल ते. खोटं बोलायला शिकवतेय असं कुणाला वाटलं तर वाटू दे, इथे तुमचा जीव महत्त्वाचा आहे.

बायकांचा कंडोम असतो, आत बसवायचा, तो तुम्ही आधीच घालून ठेवू शकता, पण सगळीकडे मिळत नाही आणि नवऱ्याला कळतो, तेव्हा मारहाणीची भीती असेल तर जपून. अशा वेळी रोजची प्रेपची गोळी हा उपाय आहे जो पूर्णपणे तुमच्या हातात राहतो, कुणाला विचारावं लागत नाही. बाईला त्याचं संरक्षण यायला रोज घेऊन साधारण तीन आठवडे लागतात आणि मग एकही दिवस चुकवायचा नाही. डॉक्टरांना पत्रात लिहिलंत तेच सांगा, "मी नाही म्हणू शकत नाही", एवढंच वाक्य पुरे आहे.

आणि हात उचलला तर १८१ वर फोन करा, महिला हेल्पलाइन, चोवीस तास असते. बळजबरी झाली आणि कंडोम नव्हता, तर तेव्हाही ७२ तासांचा तोच हिशोब, कॅज्युअल्टीत जाऊन पेप मागायची. पुढचं पत्र अंकाची वाट न बघता पाठवा, ह्या सदराचा मेल मी रोज रात्री बघते.